रोडग्याचं हसू



मघाशी सूत्रसंचालकांनी ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हटलं आणि अख्खं सभागृह हसलं. मीही हसले. पुण्यातल्या एका समारंभात माझी ओळख करून देताना हेच वाक्य कुणीतरी असंच मजेत म्हटलं होतं. शब्द तेच, हसणारीही भली माणसं. पण मला हसू आलं नाही. इथं परभणीत आपण ते म्हणतो तेव्हा आपल्या धुळीची आणि त्या धुळीतही न उतरणाऱ्या ऐटीची गंमत असते. तिथं मात्र जर्मनी बाजूला राहिली आणि नुसती परभणीच उरली.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’पासून आपण विनोद करणाऱ्याचं पुष्कळ कौतुक केलं, त्याची चिकित्साही केली. हसणारा कुठं बसला होता, हे मात्र फारसं विचारलं नाही. आज तेवढंच विचारायचा माझा बेत आहे.

मी लहानपणी आजीबरोबर भारुड ऐकायला जायची. मारुतीच्या देवळापुढं सतरंजी, एका अंगाला गडीमाणसं, दुसऱ्या अंगाला बाया. संत एकनाथांचं रोडग्याचं भारुड तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या मुलखात रोडगे म्हणजे जेवणच, त्यामुळं भवानीला रोडगा कबूल करणारी ती सून आम्हाला शेजारच्या वाड्यातलीच वाटायची. तिचं मागणं काय, तर गावाला गेलेला सासरा तिकडंच खपावा, जाच करणारी सासू जावी, जावेचं कुंकू पुसावं, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज व्हावी. इथवर गडीमाणसं मोकळेपणानं हसायची, कारण सासर-सुनेचं भांडण त्यांच्या घरचंच होतं आणि त्यात त्यांच्या अंगाला काही लागत नव्हतं. मग दादल्याची पाळी यायची. सून त्यालाही देवीला देऊन टाकते. तिथं पुरुषांचं हसू जरा जास्तच मोठं व्हायचं, आणि बायांच्या बाजूला पदर तोंडावर जायचे. आवाज नाही, नुसते खांदे हलायचे. शेवटी ती म्हणते, सगळे जाऊ देत, मला एकटीला राहू दे. तिथं आजी हसायची नाही. मी एकदा विचारलं, “आजी, कामून हसली नाहीस?” ती म्हणाली, “हसायलाच तर बसलाव माय. चल, झोप आली.”

पुढं भारुड सांगणारे बुवा अर्थ उलगडायचे: सासू-सासरे म्हणजे विकार, दादला म्हणजे अहंकार, आणि जीवाला मोकळं व्हायचंय. अर्थ खरा आहे, नाथांना तोच अभिप्रेत असणार. पण पुरुषांच्या माना डोलायला लागायच्या तेव्हा बायांचं हसू अजून पदरातच असायचं. सोळाव्या शतकात पैठणच्या एका पुरुषानं लिहिलेलं हे भारुड बहुतेक वेळा पुरुषांनीच लुगडं नेसून सादर केलं. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडींसारखी बाई भारुडाला उभी राहते, तेव्हा लुगड्याची गंमत आपोआप गळून पडते आणि मागणं तेवढं उरतं.

लुगड्यावरून आठवलं. तमाशातली मावशी घ्या, नाहीतर अत्र्यांची ‘मोरूची मावशी’. पुरुष बाई झाला म्हणून गडी हसतात. माझ्या शेजारच्या बाया मात्र त्याला निऱ्या सावरता येत नाहीत म्हणून हसतात. नाटक एकच, तिकीटही एकच!

आपल्याकडं बाईच्या हसण्यावर पहारा जुना आहे. ‘हसली ती फसली’ म्हणायचं, आणि महाभारताचं खापरही द्रौपदीच्या हसण्यावर फोडून मोकळं व्हायचं. तरी याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईच्या नावावर असे अभंग आहेत, ज्यांत ती विठ्ठलाला पोटच्या कारट्याला घालाव्यात तशा शिव्या घालते. ती सलगी भक्तीच्या आडोशानं चालली. लग्नात विहिणींना टोमणे मारणाऱ्या गाण्यांनाही अशीच सूट होती, पण ती पंगत उठेपर्यंत. सगळ्यांत मोकळी जागा जात्यापाशी होती, कारण तिथं ऐकायला दुसरी बाईच असायची. हेमा राईरकर आणि गी पॉईतव्हाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या वाचताना मी दोन-तीनदा मोठ्यानं हसले, आणि घरच्यांनी मला का म्हणून विचारलं तर सांगता येईना.

आता बोलीकडं येते. लक्ष्मणराव देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आठवा. एकटा माणूस, बावन्न पात्रं, आणि तोंडात मराठवाड्याची बोली. आपण ते पाहताना हसलो, कारण तो आपला मामा होता, आपली आत्या होती. दुसरीकडं लोक कशाला हसले असतील, याचा मी विचार करते. काही त्या माणसांना हसले, काही नुसत्या ‘करायलाव-जायलाव’ला. मालिकेतला गडी अजून आपल्या बोलीत बोलतो आणि साहेब पुस्तकी मराठीत. या विनोदाचा मला कंटाळा आलाय. रागसुद्धा येत नाही आताशा. १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं दखनीतले ‘नक्को’ आणि ‘हौ’ आपल्या घरात वावरतात. इथल्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात पाळण्याच्या रांगेत जे ‘नक्को’ ऐकू येतं, त्याला कुणी हसत नाही. तोच शब्द पडद्यावर आला की लोक हसायला तयारच बसलेले असतात.

हसण्याचा रोख फिरवता येतो, हेही आपण पाहिलंय. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज उचलला. कालपर्यंत ज्यांच्यावर हसलं जायचं, ते ढोलकीच्या तालावर हसवणारे झाले, आणि पुढच्या रांगेतल्या पाटलाची पंचाईत झाली. विनोदाला सोवळं नेसवा, असं मी म्हणत नाही. सोवळ्यात तो गुदमरतो. पण लिहिताना मी समोर एक सतरंजी मांडते आणि आजीला तिच्या नेहमीच्या जागी बसवते. ती हसली नाही, तर वाक्य खोडत नाही, पण पुन्हा वाचते.

माझं भाषण लांबलं. मागच्या दोन रांगांतल्या बाया मघापासून एकमेकींच्या कानाला लागून हसताहेत. माझ्या बोलण्यालाच हसताहेत की आणखी कशाला, ते इथून कळत नाही. चहा होईल तेव्हा मी तिकडं येऊन बसते.