एकाचे दुखणे, घराण्याची तपासणी



महोत्सवाच्या दिवशी आजाराचा विषय काढणे काहींना रुचणार नाही. परंतु मदतीचा अर्ज आमच्या हाती येतो तो बहुधा मूत्रपिंडे निकामी झाल्यावर. त्याआधीच्या वीस वर्षांविषयी आम्हांला बोलावयाचे आहे.

मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. आई किंवा वडील, कोणा एकास तो असला तर प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. मुलगा-मुलगी हा भेद त्यात नाही. आणि थोरल्यास झाला म्हणून धाकटा सुटला, असा हिशेबही चालत नाही. बहुतेक घरांत दोष १६ व्या किंवा ४ थ्या गुणसूत्रावरील जनुकात असतो. ही जनुके अनुक्रमे १९९४ व १९९६ साली ओळखली गेली.

गाठी मुकाट्याने वाढतात. रक्तातील क्रिएटिनिन पुष्कळ वर्षे ठीक दिसते. रक्तदाब मात्र आधीच चढू लागतो. म्हणून घरात एक रोगी निघाला की सज्ञान भावंडांनी व मुलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने सोनोग्राफी करावी. अशा घरातील १५ ते ३९ वर्षांच्या माणसास दोन्ही मूत्रपिंडांत मिळून तीन गाठी दिसल्या तर निदान होते. चाळिशीनंतर दोनदेखील न दिसल्यास विकार नाही असे धरतात. विशीतला स्वच्छ अहवाल मात्र कायमचा दाखला नव्हे. तरुण भाऊ मूत्रपिंड द्यावयास निघाला, तर एम.आर.आय. किंवा जनुकतपासणीने खात्री करून घेणे अगत्याचे आहे. लहान मुलांचा रक्तदाब पाहत राहावा.

‘स्थळ मोडेल’ म्हणून गोष्ट झाकली जाते. झाकल्याने गाठी थांबत नाहीत. उलट, रक्तदाब आटोक्यात ठेवणे, मीठ कमी करणे, दुखण्यावरच्या गोळ्या मनाने न घेणे, हे उपाय करण्याची वर्षे हातची जातात. निवडक रोग्यांत गाठींची वाढ मंदावणारे औषधही आता आहे. घराण्यात कोणास मेंदूत रक्तस्राव झाला असल्यास तेही डॉक्टरांस सांगावे.

आपल्यांतील पुष्कळ घराण्यांनी कुलवृत्तान्त छापले. त्यांत जन्म, विवाह, पदव्या सारे आहे. कोण कशाने गेले, एवढेच नाही. ती तीन पिढ्यांची ओळ आपण आज रात्री घरी बसून लिहावी, इतकीच आमची विनंती आहे.