कल्याणच्या सोनाराचे टाके



आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडे, बोरिवलीच्या रानात, कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या पाषाणात शंभरावर लेणी! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे बौद्ध भिक्षू राहू लागले. पुढे तो विहार ओस पडला. आज ते शिल्पांचे उघडे संग्रहालयच आहे. तिसऱ्या लेण्यात बुद्धाच्या दोन मूर्ती २० फुटांहून उंच आहेत.

हे सारे राजांनीच केले का? नाही. कल्याणच्या सामिदत्त सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. तसे लेख तिथे ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत.

आम्ही वर्ग घेऊन गेलो होतो. आमच्यातल्या एका दादांनी खिळा काढला. म्हणाले, "गुरुजी, मलाही आता नाव लिहिता येतं!"

आम्ही त्यांचा हात धरला. म्हटले, "दादा, सोनाराने आधी पाणी दिलं, मग नाव लिहिलं. आपण काय दिलं?"

दादांनी खिळा खिशात टाकला.

मंडळी, अशा जागी ओरखडा काढणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथली पाटी आता तुम्हाला वाचता येते. जरूर जा, वाचा. नाव लिहायला आपली वही आहेच.