बोटीवरचं छप्पर आणि आपली गच्ची

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. सभासदांच्या आग्रहावरून वक्त्यांनी लिहून दिले.)



या व्याख्यानमालेत डॉक्टरसाहेब रक्तदाबावर बोलले, वकीलसाहेब मृत्युपत्रावर बोलले. मला सचिवांनी सांगितलं, "तुम्ही तुमच्या कामावर बोला." आता माझं काम म्हणजे बोटी. बीडमध्ये बोटींवर भाषण! आपल्याकडं पाणी म्हटलं की बिंदुसरा, नाहीतर माजलगावचं धरण. पाण्यात उभं काय, तर कंकालेश्वराचं देऊळ. समुद्र इथून लांबच लांब. पण पोटासाठी माणूस कुठंही जातो. आपल्या जिल्ह्यातली माणसं ऊस तोडायला कर्नाटकात जातात, तसा मी आयटीआयचं सुतारकाम शिकून गोव्याला गेलो आणि मांडवीच्या काठी एका लहानशा कारखान्यात लाकूड आणि फायबरच्या कामात २६ वर्षं काढली.

तो काठ साधा नाही, हे मुलांसाठी सांगतो. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' नावाची ५६ फुटी शिडाची बोट तयार झाली. तिचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा आणि त्यावर फायबर. २००९ च्या ऑगस्टमध्ये नौदलाचे दिलीप दोंदे ती घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. एकट्यानं असं करणारा हा पहिला भारतीय. पुढं त्याच बोटीवर अभिलाष टॉमी कुठंही न थांबता जग फिरून आले. 'तारिणी' ही तिची धाकटी बहीण त्याच कारखान्यातली. तिच्यावरून २०१७-१८ साली वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला फेरी मारून आल्या. मी त्या कारखान्यात नव्हतो. पण सामान तेच, रीत तीच.

आज मी विषय मुद्दाम छपराचा घेतला आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत आपल्यापुढं प्रश्न येणार आहे: गच्चीवर पत्र्याचं शेड टाकायचं का? स्लॅब २५ वर्षांचा झाला, वरच्या मजल्यावरच्या आठ घरांत पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागतात. दोन कोटेशन आलेली आहेत. त्याआधी मी बांधलेल्या एका छपराची हकीकत ऐका. मग ठरवा.

एका पावसाळ्यात पुण्याचं एक निवृत्त जोडपं आमच्याकडं आलं. त्यांची ३८ फुटी शिडाची बोट होती. पश्चिम किनाऱ्यावर अशा बोटी साधारण ऑक्टोबर ते मे पाण्यात असतात, पावसाळ्यात वर काढून ठेवतात. साहेबांच्या चेहऱ्यावरचा डाग डॉक्टरांनी काढला होता आणि बजावलं होतं, "यापुढं उन्हात बसायचं नाही." शिडाच्या बोटीवर सुकाणू धरणारा माणूस मागच्या बाजूला एका खोलगट जागेत बसतो. तिला कॉकपिट म्हणतात. तिथं वर आकाश आणि चारी बाजूंना पाण्यावरून परतणारं ऊन. त्यांच्या बोटीला कापडी टप होता, तो दोन हंगामांत विरून गेला होता. आता एकतर बोट विकायची, नाहीतर पक्कं छप्पर करायचं. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, ही बोट आम्ही ११ वर्षं पैसे साठवून घेतली आहे. विकायला लावू नका."

लोकांना वाटतं, छप्पर म्हणजे चार खांब आणि वर एक फळी. पण बोटीवर छपराला पाच जणांना उत्तर द्यावं लागतं.

पहिला वारा. छप्पर हे वाऱ्याच्या दृष्टीनं आडवं धरलेलं शीडच आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी १०० किलोमीटर वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण ४८ किलो भरतो. आमचं छप्पर होतं सव्वाचार चौरस मीटर. म्हणजे वादळात ते २०० किलोच्या जोरानं उपटलं जाणार, असं धरून चालायचं. म्हणून आमच्याकडं म्हण होती की छप्पर खांबावर उभं करायचं नसतं, खांबाला खाली बांधायचं असतं. बोल्ट डेकच्या आरपार जातो आणि खालून त्याला तळहाताएवढी स्टीलची पट्टी लागते. नुसता स्क्रू पिळला तर लाकूड फाडून वर येतो.

दुसरं पाणी. भोक पाडलं की तिथून पाणी शिरणार आणि आतलं लाकूड कुजणार. त्यावर उपाय असा, की आधी मोठं भोक पाडायचं, ते इपॉक्सीनं भरायचं, सुकू द्यायचं, मग त्या भरलेल्या गोळ्यातून बोल्टाचं लहान भोक पाडायचं. बोल्ट हलला तरी पाण्याची लाकडाशी गाठ पडत नाही. काम दुप्पट, पण पुढची २० वर्षं झोप लागते. शिवाय छपराला मध्ये थोडा फुगवटा द्यायचा. त्यानं पाणी साचत नाही आणि छप्पर ताठही होतं.

तिसरं वजन. बोटीवर जेवढं उंच तेवढं वजन महाग, कारण ते बोटीला कलंडायला मदत करतं. म्हणून आम्ही १५ मिलिमीटरचा फोम मध्ये घेऊन दोन्ही बाजूंनी काचतंतूचं कापड इपॉक्सीत भिजवून चढवलं. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा बघा. दोन पातळ कागद, मध्ये नागमोडी पोकळी. कागद हातानं फाटतो, पण खोक्यावर पोरगं उभं राहतं. तसंच हे. सगळं छप्पर वीस-बावीस किलोत बसलं आणि वर दोन माणसं चढली तरी वाकलं नाही.

हे काम करताना ऊन मोठा वैरी. इपॉक्सी भांड्यात कालवलं की आपोआप तापतं. हवा जितकी गरम तितकं लवकर घट्ट होतं. मगभर मिश्रण तसंच ठेवलं तर धूर निघतो. म्हणून पहाटे पाचला काम सुरू, मिश्रण थोडं थोडं, आणि मगात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओतायचं. नवीन पोरांना मी सांगायचो, ताट घ्या, तांब्या नको.

चौथी शिडाची दांडी. शिडाच्या खाली एक आडवी दांडी असते, तिला बूम म्हणतात. दिशा बदलताना ती या अंगावरून त्या अंगाला धाडकन जाते. वारा वाढला की शीड आखूड करतात, तेव्हा तिचं मागचं टोक खाली लोंबतं. म्हणून उंची मापायची ती बोट धक्क्यावर सजवून ठेवलेली असताना नाही. शीड चढवून, आखूड करून, दांडी सगळ्यात खाली आली की मग.

आता पाचवा, सगळ्यात महत्त्वाचा. तो म्हणजे माणूस. साहेब पाच फूट दहा इंच, बाई पाच फुटांच्या आत. साहेबांच्या मापानं छप्पर केलं तर त्याची पुढची कड बरोबर बाईंच्या डोळ्यासमोर येणार. ना वरून दिसणार, ना खालून. आणि रात्रीची पाळी असायची बाईंची, कारण साहेबांना अंधारात कमी दिसायचं.

म्हणून आम्ही फोमला हात लावायच्या आधी बांबू, पुठ्ठा आणि सुतळीचं खोटं छप्पर बांधलं. खर्च किती? दोन दिवसांची मजुरी आणि रद्दीच्या दुकानातला पुठ्ठा. मग दोघांना आठ दिवस तिथंच बसायला लावलं. बसून, उभं राहून, रेनकोट घालून, दोर ओढताना, चहाचा कप हातात घेऊन. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "मिस्त्री, सावली झकास आहे. पण डाव्या कोपऱ्यातलं मला काहीच दिसत नाही." तिथं खांब येत होता. साहेब म्हणाले, "मला तर दिसतंय." मी म्हणालो, "साहेब, तुम्ही दिवसा बघताय. रात्री बघणार त्या." पुठ्ठा कापला, खांब एक वीत मागं नेला, पुढची कड चार बोटं खाली घेतली, म्हणजे बाई उभ्या राहिल्या की छपरावरून बघतील आणि बसल्या की काचेतून. साहेबांना आत शिरताना मान थोडी वाकवावी लागणार होती. त्यांनी कुरकुर न करता मान्य केलं.

काचांचंही असंच. पॉलिकार्बोनेटची काच उन्हानं वाढते. एक मीटर लांबीला ३० अंशांच्या फरकानं साधारण दोन मिलिमीटर. भोक बोल्टाच्या मापाचं केलं तर काच तडकते. म्हणून भोक मोठं, खाली रबर, बोल्ट हलका आवळलेला. मधली काच उघडणारी केली, नाहीतर नांगर टाकून उभं असताना आत भट्टी होते. कडेला धरायला स्टीलची दांडी, कारण हलत्या बोटीवर माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि जे धरतो ते उखडून हातात येता कामा नये. वरून पांढरा रंग. आणि कडेनं एक बारीक पन्हाळ, तिला नळी. दहा मिलिमीटर पाऊस पडला की त्या सव्वाचार चौरस मीटरवरून ४० लिटर गोडं पाणी टाकीत. खाऱ्या समुद्रात त्याची किंमत आपल्या बीडकरांना सांगायला नको.

दिवाळीनंतर ते कोचीकडं निघाले. कारवारच्या पुढं कुठंतरी बाईंचा फोन आला. रात्री तीनच्या सुमारास, साहेब खाली झोपलेले, समोर डावीकडं एक मासेमारी होडी, दिवा नसलेली. एक माणूस बिडी ओढत होता, तेवढाच लाल ठिपका त्यांना दिसला. सुकाणू फिरवलं, होडी हाताच्या अंतरावरून गेली. बाईंनी आभार मानले नाहीत. एवढंच विचारलं, "मिस्त्री, तो खांब आधी जिथं होता, तिथंच होती ना ती होडी?" मी म्हणालो, "हो ताई, तिथंच."

मंडळी, आता आपल्या गच्चीकडं या.

दोन्ही कोटेशनमध्ये पत्र्याची जाडी आहे, पाइपाचं माप आहे, रंग आहे. वाऱ्याचं उत्तर कुठं आहे? गच्चीचा निम्मा भाग म्हणजे साधारण हजार चौरस फूट झाकला तर मघाच्या हिशोबानं त्यावर वादळात साडेचार टनांचा जोर येऊ शकतो. एप्रिल-मे महिन्यात वळीव आला की उडालेले पत्रे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ते खांब जुन्या स्लॅबमध्ये नुसते खिळे ठोकून बसवायचे, की खालच्या कॉलमला बांधायचे? स्लॅबला जिथं जिथं भोक पडेल तिथं पाणी कसं अडवणार? पत्राही उन्हानं वाढतो, त्याच्या स्क्रूखालचं रबर कोण, किती वर्षांनी बदलणार? हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या, आणि नगर परिषदेची परवानगी घ्या. मग रंगाचं बोलू.

पाण्याचा हिशोबही मांडा. आपल्याकडं वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. हजार चौरस फूट पत्र्यावर त्याचं साठ हजार लिटर होतं. गळती, उडणं वजा जाता पन्नास हजार धरा. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. पन्हाळ आणि टाकी कोटेशनमध्येच घाला, मागून नको.

आणि शेवटी पाचवा प्रश्न, माणसाचा. सभेत हात वर करणारे बहुतेक आम्ही पुरुष. पण गच्ची वापरतं कोण? उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे घालणाऱ्या आमच्या वहिनी, मावश्या. संध्याकाळी वर येणारे, ज्यांना जिन्याची शेवटची पायरी दिसत नाही असे आजोबा. संक्रांतीला पतंग उडवणारी पोरं. सगळी गच्ची झाकली तर आठ घरांची गळती थांबेल, पण वीस घरांचं ऊन जाईल. गळणाऱ्या घरांचा हक्क पहिला, हे मी स्वतः पहिल्या मजल्यावर राहून म्हणतो. पण त्यासाठी सगळं झाकावं लागतं का, हे बघितल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून माझा प्रस्ताव छोटा आहे. ठेका देण्याआधी आठ दिवस गच्चीवर बांबू आणि हिरवी जाळी लावून खोटं शेड उभं करू. दोन हजारांत होईल, बांबू बांधायला मी येतो. सगळ्यांनी वर यावं, विशेषतः जे सभेत बोलत नाहीत त्यांनी. खांब कुठं अडतो, ऊन कुठं हवं, सावली कुठं हवी, ते खडूनं फरशीवर लिहावं. मग त्या खडूच्या खुणांवरून नकाशा काढू.

छपराचं माप टेपनं घेता येतं. पण कुठून घ्यायचं, हे त्याखाली सगळ्यात जास्त वेळ बसणाऱ्या माणसाला विचारावं लागतं. २५ वर्षं आपण एका स्लॅबखाली गुण्यागोविंदानं राहिलो. पुढची २५ वर्षं ज्या छपराखाली काढायची, ते घाईनं नको.