‘सेरेंडिपिटस’ : एका शब्दाची शिकवण



अरब लोक श्रीलंकेला ‘सरन्दीब’ म्हणत. तेथील तीन राजपुत्रांच्या मूळ फारसी कथेवरून होरेस वॉलपोल यांनी १७५४ साली ‘सेरेंडिपिटी’ हा इंग्रजी शब्द घडविला. ‘सेरेंडिपिटस’ हे त्याचे विशेषण. अर्थ असा : शोधत होतो एक, चाणाक्षपणामुळे लाभले दुसरेच. ते माणसाला नव्हे, शोधाला किंवा योगायोगाला लावतात. लॉटरी लागणे सेरेंडिपिटस नव्हे. परंतु १९२८ साली बशीतल्या बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झालेले फ्लेमिंग यांनी हेरले, तो पेनिसिलिनचा शोध सेरेंडिपिटस!

योग कोणालाही येतो. तो ओळखणारी नजर अभ्यासाने येते. म्हणून एका नापाशीवरून ‘नशिबातच नाही’ असे ठरवून मुलामुलींची शाळा सोडवू नका, ही नम्र विनंती.