बाजरीतील काळे दाणे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्हांस ‘आहार व आरोग्य’ हा विस्तीर्ण विषय देण्यात आला आहे. त्यातील एकच मूठ आम्ही उचलणार आहोत, आणि तीही बाजरीची. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून गावाकडची बाजरी येते. तेव्हा हा विषय कोणासही परका वाटू नये.

पीक फुलोऱ्यात असता पावसाची झड लागली, आभाळ उघडेना, की काही कणसांतून मधासारखा गुलाबी चिकट द्रव पाझरू लागतो. हा अरगट रोग होय. एक बुरशी फुलातून आत शिरते व दाण्याची जागा बळकावते. परागण वेळेवर झाले तर तिची वाट बंद होते. न झाले तर दाण्याऐवजी तेथे काळपट, कठीण, टोकदार गाठ धरते. त्या गाठीत विष असते. भाकरी कितीही खरपूस भाजली तरी ते पुरते नष्ट होत नाही.

युरोपात राय नामक धान्यावर याच कुळातील दुसरी बुरशी पडे. तिच्या विषाने हातापायांची आग होई, बोटे काळी पडून झडत. त्या व्याधीस तिकडे संत अँटनीचा अग्नी म्हणत. आपल्या बाजरीतील विष निराळ्या जातीचे आहे. त्याने अवयव झडत नाहीत; मळमळ, वांत्या, भोवळ व गुंगी येते आणि बहुधा एक-दोन दिवसांत माणूस सावरतो. १९५६-५७ च्या सुमारास तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात व १९७५ मध्ये राजस्थानात अशा बाधेच्या साथी नोंदल्या गेल्या. माणूस सावरतो म्हणूनच या विषाचा फारसा गवगवा झाला नसावा, असे आमचे मत आहे.

आता एक गोष्ट सांगणे आम्हांस भाग आहे. आमच्या बालपणी घरच्या सालगड्यास धान्याच्या रूपाने मजुरी देत. निवडलेली, टपोरी बाजरी कणगीत जाई आणि काळपट माल त्याच्या पदरी पडे. एका वर्षी पावसाने पीक खराब झाले. त्या हंगामात एके दिवशी दुपारच्या भाकरीनंतर त्याच्या घरची चौघे माणसे ओकत, झिंगत पडली. ‘प्याला असेल,’ असे आमच्या ओसरीवर म्हटले गेले. बायकामुलेही प्यायली काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आम्हीही विचारला नाही. त्यांच्या घरी अंगारा लावला गेला. पुढल्या आठवड्यास त्याच पोत्यातील बाजरी पुन्हा मोजून देण्यात आली. अरगटाविषयी आम्ही वाचले ते पुष्कळ वर्षांनी. तोवर तो गडी हयात नव्हता.

उपाय इतका स्वस्त आहे की सांगताना संकोच वाटतो. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवावे व त्यात बाजरी ओतून ढवळावी. अरगटाच्या गाठी हलक्या असल्याने पोकळ दाण्यांसह वर तरंगतात. त्या काढून जाळाव्यात. तळची बाजरी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन वाळवावी. पेरणीच्या बियाण्यासही हीच रीत लावतात. नुसत्या चाळणीवर विसंबू नये. मळणीत गाठी फुटून दाण्याएवढ्या होतात व त्यातून निसटतात. भगिनींची नजर चाळणीहून तीक्ष्ण खरी, परंतु पोतेभर धान्य नजरेने निवडणे ही त्यांस शिक्षाच होय.

आपल्या विद्यार्थी वसतिगृहास सभासद दरवर्षी धान्य देतात. मागील हंगामातील दोन पोत्यांत आम्हांस काळ्या गाठी आढळल्या. देणाऱ्यांची नावे आम्ही सांगणार नाही. घरी खाण्याजोगी नव्हती म्हणून ती दिली, असेही म्हणणार नाही. कोठीच्या दाराशी आता एक पिंप व मिठाची गोणी ठेवली आहे. येणारे प्रत्येक पोते, आमच्या घरचे धरून, प्रथम त्या पिंपात जाईल. हे काम रविवारी सकाळी चालते. दोन माणसे कमी पडतात.