बसून केलेलं काम म्हणजे आराम नव्हे

(खोपट, ठाणे येथे वस्तीतील बायकांच्या आरोग्य-बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजचा विषय 'बसणं' आहे म्हटल्यावर एक जण हसून म्हणाली, "ताई, बसायला मिळतंय कुणाला?" मग आपण एकेकीच्या दिवसाचा हिशोब मांडला. कुणी शिलाई मशीनवर, कुणी फॉल-पिको करतेय, कुणी घरी आणलेले इमिटेशनचे मणी ओवतेय, कुणी ऑफिसात कॉम्प्युटरपुढे. सहा-सहा, आठ-आठ तास बसून. आपण त्याला बसणं म्हणत नाही, कारण ते काम असतं. शरीराला हा फरक कळत नाही.

आपल्या खोपटला एस.टी.चा डेपो आहे, म्हणून बसचंच उदाहरण देते. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. त्या अभ्यासात सगळे पुरुष होते. घरात मान खाली घालून बसलेल्या बाईला तेव्हा कुणी मोजलं नाही.

बसल्यावर काय होतं? मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू स्वस्थ पडतात. रक्तातली साखर वापरणारे हेच स्नायू, आणि पायातलं रक्त वर ढकलणारी हीच पोटरी. ते तासन्‌तास थांबले की साखर रेंगाळते, पाय सुजतात, कंबर-मान धरते. वर्षानुवर्षं असं चाललं की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पाळी गेल्यावर बाईला हृदयविकाराचा धोका तसाही वाढतो, हे विसरू नका.

तुम्ही म्हणाल, घरकाम करतो की! करतोच. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना दिसल्या, पुरुष ९७. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के बायकांची शारीरिक हालचाल अपुरी होती, पुरुषांची ४२ टक्के. लादी पुसणं, पाणी भरणं ही हालचालच. पण ओट्यापुढे एका जागी उभं राहण्याने पाय दुखतात, हृदयाला व्यायाम होत नाही. थकणं वेगळं आणि हालचाल वेगळी.

मग आपण उठत का नाही? आळशी म्हणून? नगावर मजुरी असते. उठलं की पैसे बुडतात. कामाच्या जागी संडास नसतो, म्हणून बाई पाणीच पीत नाही आणि जागची हलत नाही. केरळात उलट परिस्थिती होती. दुकानातल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर बसूच देत नसत. त्या संघटित झाल्या आणि २०१८ साली बसण्याचा हक्क कायद्यात आला. त्यांना बसायचं होतं, आपल्याला उठायचंय. प्रश्न एकच: माझ्या शरीराने कधी बसावं, कधी उठावं, हे ठरवणार कोण?

आता करायचं काय? अर्ध्या तासाने उठा, दोन-चार मिनिटं चाला. जेवल्यावर दहा मिनिटं चाला. आठवड्याला निदान १५० मिनिटं अशी हालचाल हवी, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर देणारा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, भिंतीला हात लावून जोर काढा. साडी नेसूनही जमतं.

आणि मैत्रिणींनो, हा अर्धा तास आकाशातून पडणार नाही. बाई चालायला गेली तर तेवढ्या वेळात घरातल्या दुसऱ्या कुणीतरी भांडी घासली पाहिजेत. रस्त्यावर दिवा हवा, फुटपाथ मोकळा हवा, स्वच्छ संडास हवा. डॉक्टर "चालत जा" म्हणून सांगतात. यातलं काही औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही. ते घरात आणि महापालिकेत मागावं लागेल.

सुरुवात कचराळी तलावापासून करू. एकटीने नको, चार-पाच जणी मिळून. वाटेत कुणी विचारलं, "कुठे निघालात?" तर भाजी आणायला, मुलाला आणायला, असं कारण देऊ नका. सांगा, "चालायला निघालोय."