माप साच्यात, काम सगळ्यांच्या हातात

लाकडी वस्तू करणाऱ्या काही गटांकडे आता बेंच ड्रिल, म्हणजे टेबलावर बसवलेलं विजेचं गिरमिट आलं आहे. तरी नक्षीचं काम एकाच बाईवर अडून राहतं. तिचा हात बसलेला असतो. ती पेरणीला किंवा लेकीच्या बाळंतपणाला गेली की ऑर्डर थांबते. आणि सहाच्या संचात एका चकतीवरचं फूल वाकडं निघालं, तर दुकानदार अख्खा संच परत करतो. यावर उपाय आहे जिग, म्हणजेच साचा. माप एकदाच नीट घ्यायचं आणि ते लाकडात बांधून ठेवायचं.

गरम भांड्याखाली ठेवायच्या १८ सेंटिमीटर रुंदीच्या गोल चकतीसाठी साचा कसा करायचा, ते आज सांगते. वही-पेन घेऊन बसा.

खाली ३० सेंटिमीटर चौरस प्लायवूडची फळी घ्या. तिच्यावर फिरेल अशी २४ सेंटिमीटर रुंदीची गोल थाळी कापा. दोन्हींच्या मधोमध भोक पाडून एकच बोल्ट घाला. बोल्टचं डोकं वर, नट खाली. दोन्ही लाकडात बुडतील एवढी खोबण करा. थाळी जात्यासारखी फिरली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.

आता खुणा. एका पट्टीला ११ सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडा. एकात खिळा, दुसऱ्यात पेन्सिल घालून थाळीवर वर्तुळ काढा. तीच पट्टी न बदलता वर्तुळावर पुढे पुढे ठेवत गेलात, की बरोबर सहा खुणा होतात. शाळेत कंपासनं सहा पाकळ्यांचं फूल काढायचो, तोच हिशोब. दोन खुणांच्या बरोबर मध्ये आणखी एक-एक खूण करा. झाल्या १२. प्रत्येक खुणेवर ६ मिलिमीटरचं भोक पाडा. मग त्यातल्या एकाच भोकातून खालच्या फळीलाही भोक पाडा. दोन्हींतून खुंटी घातली की थाळी जागची हलणार नाही.

साचा ड्रिलच्या टेबलावर दोन सी-क्लॅम्पनी आवळा. बिटाचं टोक थाळीच्या केंद्रापासून ४ सेंटिमीटरवर आलं पाहिजे. त्याआधी बिटापासून मागच्या खांबापर्यंत जागा पुरते ना, ते मोजा. लाकडी चकती थाळीच्या मधोमध ठेवा. खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि कडेला स्क्रूनं बसवलेले तीन ठोकळे, म्हणजे ती सरकणार नाही. २० मिलिमीटरचा फोर्स्टनर बिट लावा आणि खोलीचा थांबा ६ मिलिमीटरवर आवळा. एक खड्डा झाला की बिट वर घ्या, खुंटी काढा, पुढच्या भोकावर थाळी फिरवा, खुंटी घाला. बारा खड्डे एकमेकांना न शिवता शेजारी शेजारी बसतील. नंतर साचा सरकवून अंतर ७ सेंटिमीटर करा आणि एकाआड एक भोक घ्या. बाहेर सहा टिकल्या उमटतील. मात्र पहिली चकती नेहमी टाकाऊ लाकडाची.

आता जिवाचं बोलते. पदर खोचून वर ॲप्रन बांधा. ओढणी नको. वेणीचा अंबाडा घाला. बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा किंवा मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्या. हातमोजे घालू नका, फिरता बिट मोजा ओढतो आणि त्याच्यासोबत बोटंही. डोळ्यांना चष्मा हवाच. चकची चावी काढल्याशिवाय बटण दाबू नका. भुसा ब्रशनं झाडा, आणि तोही मशीन पूर्ण थांबल्यावर.

साच्याच्या पाठीवर ४, ७ आणि ६ हे आकडे, बिटाचं माप आणि वस्तूचं नाव लिहा. गटाच्या साहित्य नोंदवहीत त्याची नोंद करा, कारण तो मशीनइतकाच गटाच्या मालकीचा आहे. मग आळीपाळीनं प्रत्येकीला त्यावर बसवा. ज्या बाईचा हात बसला आहे, तिचं काम कमी होणार नाही. तिला नवं फूल शोधायला वेळ मिळेल, आणि मजुरी एकीच्याच नाही, सगळ्यांच्या घरी जाईल.